प्रेशर उतरवणारे सर

आमच्या सरांना पेशंटच्या पोटात ऐसपैस जागा झालेली खपायची नाही. परळच्या इस्पितळात दुर्बिणीची शस्त्रक्रिया नवी नवी होती तेव्हाची ही गोष्ट. छोट्या छिद्रातून पोटात गॅस भरायचा, पोट फुगलं की आत नीट दिसतं, हात चालतो. आम्हा शिकाऊ डॉक्टरांना भरपूर जागा हवी असायची. सर यंत्रावरचा आकडा बघून ओरडायचे, "प्रेशर उतरव गं! पोट आहे ते, शिवाजी पार्क नव्हे."

गाठ कर्करोगाची असली की ते हट्टालाच पेटत. गॅसच्या जोराने रोगाच्या पेशी उडून छिद्रांत रुजतात, अशी तेव्हा धास्ती होती. मी वैतागून विचारलं, "पण सर, हे सिद्ध कुठे झालंय?"

"नाही झालं. म्हणूनच संशयाचा फायदा पेशंटला."

कप्पाळ! मी आकडा खाली आणला.

तरी शस्त्रक्रिया त्यांना छिद्रांतूनच हवी असे. संपानंतर गिरणीतली माणसं वडापावच्या गाड्या लावून बसली होती. "पोट फाडून याला महिनाभर आडवा ठेवला तर घरचे खातील काय?" असं सरांचं म्हणणं. लालबागच्या एका आजीने त्यांना धरलं होतं, "पोटाचा आपरेशन, मगे खांदो कित्याक दुखता?" सर पक्के मालवणी. म्हणाले, "गॅस जाता जाता चिमटो काढता गे आये. उद्या दुखूचा ऱ्हवात."

पुढे मी सर्जन झाले आणि सरांच्याच आतड्यात कर्करोगाची गाठ निघाली. ऑपरेशन तूच करायचंस, तेही दुर्बिणीने, असा हुकूम सुटला.

"सर, छिद्रात पसरला तर?"

"तर नाव गॅसचं. तुझं नाही. घरी तसं सांगून ठेवलंय."

प्रेशर इतकं कमी ठेवलं की कामाला दुप्पट वेळ लागला. पार पडलं खरं, पण खरी परीक्षा काही महिन्यांनंतरच्या तपासणीत होती. एकेका व्रणावर बोट दाबून मी गाठ लागते का बघत होते. सर पोटाकडे बघतच नव्हते. "गाठ तुझ्या बोटाला लागेल, मला तुझ्या तोंडावर दिसेल," म्हणाले.

शेवटचा व्रण दाबला. मऊ. कुठेच काही नव्हतं. तसं सांगायला तोंड उघडलं आणि मला हुंदकाच फुटला.

सर पांढरेफटक पडले. त्यांचं निदान चुकलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

"नाहीये सर, काहीच नाहीये!" मी कसंबसं म्हटलं.

त्यांनी शर्ट खाली ओढला. "मग आधी बोल ना, शहाणे! आत्ता जीव गेला असता माझा."