वन्संच्या होड्यांचा रंग

वन्सं, तुम्हाला गुळमुळीत बोललेलं कधी खपलं नाही, म्हणून स्पष्टच लिहिते: त्या शेवटच्या होडीवरून मालक तुम्हाला जे बोलला, ते मला अजून पटलेलं नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा तुमच्या भावाने पहिली ताकीद दिली, "ताईच्या रंगाच्या डब्यांना हात लावू नकोस." तळ्यावरच्या भाड्याच्या होड्या रंगवणं हे तुमचं काम. धक्क्यावर उकिडवं बसायचं, ब्रश पाण्यासमोर धरायचा आणि तळ्याशी जुळेपर्यंत रंग कालवायचा. वसंतातली होडी निळी, भर उन्हाळ्यातली दुधट हिरवी. होड्यांचा मालक कपाळावर हात मारायचा. "अहो बाई, सगळ्या एकसारख्या हव्यात!"

"मग तळ्याला सांगा की, एकसारखं राहा म्हणून."

मी भूशास्त्र शिकलेली. तुम्हाला सांगितलं, डोंगरावरचं बर्फ सरकताना खडक दळतं. उन्हाळ्यात बर्फ वितळलं, की ते पीठ ओढ्यातून खाली येतं आणि पाणी दुधट होतं.

"दळते कोण? तिला सासू आहे का?" तुम्ही विचारलंत. हसून हसून माझा चहा सांडला.

मग तुम्हाला मोतीबिंदू झाला. ऑपरेशन होऊनही एका डोळ्याचं धुकं हटेना. त्या उन्हाळ्यात तुम्ही होडी निळीच रंगवलीत.

"डोळे गेले तुमचे," मालक म्हणाला. "ब्रश ठेवा आता."

हा माणूस तळ्याकडे कधी बघतो? गिऱ्हाइकांकडे बघतो! तुम्ही घरी येऊन ब्रश धूत बसलात, पाणी स्वच्छ आलं तरी धूतच होतात.

"वहिनी, खरं सांग. तळं बदललं, की मी?"

बर्फ आटत चाललंय, तेव्हा दळण कमी होऊन पाणी निवळलं असेल. पण डोळे माझेही ऑपरेशनचेच. साक्ष कसली देणार?

"ओढा तळ्याला मिळतो तिथलं पाणी बरणीत भरून ठेवू," मी म्हटलं. "पीठ असेल तर तळाशी बसेल. बोटाला कळेल, डोळे लागायचेच नाहीत."

तुमचा चेहरा उजळला. "उद्याच जाऊ!"

त्याच आठवड्यात दरड कोसळून ओढ्याकडे जाणारी वरची वाट बंद झाली. ती मोकळी होईपर्यंत तुम्ही राहिला नाहीत. परवा तुमची लेक म्हणाली, "मामी, चल, आपण दोघी जाऊ." नाही गेले. बोट तुमचं हवं होतं.