गुलाबी डबीतला बूस्टर

धरमपेठेतले आमचे शेजारी मधुकरराव रेडिओ दुरुस्त करायचे, आणि स्वतःच्या हुशारीचं कौतुक करायला दुसऱ्याची वाट पाहायचे नाहीत. नागपुरात टीव्ही आला तसे ते बूस्टर बनवू लागले. अँटेनाजवळ लावला की चित्रातल्या मुंग्या जायच्या. गिऱ्हाइकाला तो पत्र्याच्या डबीत मिळे. पण लेकीच्या, ताराच्या पहिल्या दिवाळसणाला व्याह्यांसाठी त्यांनी गुलाबी प्लॅस्टिकची साबणदाणी आणली आणि बूस्टर तिच्यात बसवला. व्याह्यांना पत्रा कसा द्यायचा! हौसेला मोल नसतं म्हणतात, अक्कलही नसते.

दिवाळी सरली आणि वायरलेस खात्याचा साहेब दुकानात आला. विमानांना उतरताना दिशा दाखवणाऱ्या रेडिओत विमानतळाजवळच्या खामला वस्तीकडून भलतंच काही घुसत होतं, वैमानिकासमोरचा काटा भरकटत होता. एखादा बूस्टरच लहरी बाहेर फेकतोय, असा त्याला संशय होता.

"माह्या बूस्टरचं नाव नका घेऊ साहेब! कोण्या अनाड्याचं काम आहे हे. चला, मीच धरून देतो."

ते जीपमध्ये बसले. गंमत पाहायला मीही मागे चढलो. साहेब हातातली अँटेना फिरवत होता. हेडफोनमधला आवाज वाढत गेला तशी मधुकररावांची बडबडही वाढली. जीप ताराच्या सासरी, फाटकाशी थांबली. गच्चीवर ती गुलाबी डबी उन्हात चमकत होती.

शेजारीपाजारी जमले. साहेबानं डबी खाली आणून उघडली. पत्र्याचं आवरणच नव्हतं. सगळ्या लहरी बाहेर सांडत होत्या.

"विमान पडलं असतं म्हणजे? कोणी बनवला हा?"

ताराचे सासरे बाबाराव वस्तीतले मानाचे गृहस्थ. त्यांनी एकदा मधुकररावांकडे पाहिलं. व्याह्यांची मान खाली.

"मीच आणला जी बाजारातून. दुकान काही आठवून नाही राहिलं."

साहेबानं चारचौघांत त्यांना अडाणी म्हटलं, नोटीस हातात दिली. त्यांनी मुकाट्यानं ऐकून घेतलं. ताराला याच घरात नांदायचं होतं, आणि तिचा बाप बुटांकडे पाहत उभा होता. मला इतकी लाज वाटली की मी जीपच्या आडोशाला गेलो.

निघताना तारा फाटकापर्यंत आली.

"येतो वं, तारा," मधुकरराव कसेबसे म्हणाले.

"बाबा, मामंजींनी तुमचं नाव नाही घेतलं. तुम्ही तरी घ्यायचं होतं."

आणि तिनं फाटक लावून घेतलं.