गुरुजींचा फोल्डर

"बाईनू, उघडला मां?"

फोन उचलला की गुरुजींचं पहिलं वाक्य हेच. नमस्कार नाही, कशा आहात नाही. त्यांनी पाठवलेलं आमच्या फोनवर उघडलं की नाही, यावरच त्यांचा जीव टांगलेला. एकदा मी वैतागून म्हटलं, "गुरुजी, आधी पोचांदे तरी!" तर म्हणाले, "बरा, मी थांबतंय." आणि खरंच फोन कानाला लावून थांबले.

मसुऱ्याच्या आसपासच्या आमच्या नऊ शाळा. बहुतेक ठिकाणी वर्ग चार आणि शिक्षक एक नाहीतर दोन. पहिलीला अक्षरं गिरवायला बसवलं तर चौथीला कुणी बघायचं? या काळजीपोटी गुरुजींनी, आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ शिक्षकांनी, इंटरनेटवर आम्हा सगळ्यांचा मिळून एक फोल्डर केला. आम्ही हाती लागेल ते त्यात टाकायचं, त्यांनी ते जोडायचं. कुठलीशी चांगली चित्रफीत, तिच्यावर एका बाईंचा आवाज, शेवटी दुसऱ्या सरांनी काढलेले प्रश्न, की झाला दहा मिनिटांचा पाठ तयार. पाण्याच्या पाठात डोंगरावर बर्फ दिसत होता. "आमच्या पोरांनी बर्फ खंय बघल्यानी?" म्हणत त्यांनी तो कापला आणि तिथे खाडीवरचं सकाळचं धुकं लावलं, स्वतः जाऊन काढलेलं. माझ्या कवितेच्या मागे कोंबडा आरवत होता. मी लाजून पुन्हा म्हणते म्हटलं, तर म्हणाले, "रवांदे. गावचोच कोंबो."

त्यांच्या शाळेत रेंज नव्हती. शाळा सुटली की लॅपटॉप पिशवीत घालून सड्यावर, डोंगरमाथ्यावरच्या माळावर, जायचे आणि एका काजूच्या झाडाखाली बसून सगळं वर चढवायचे. वाऱ्याने रेंज जाते असा त्यांचा ठाम समज, म्हणून वाऱ्याच्या बाजूने छत्री उघडून ठेवायचे. हसलात ना? आम्हीही हसायचो. पण दुसऱ्या दिवशी माझी चौथी गुपचूप पाठ बघत बसायची, ती त्या छत्रीमुळेच.

आता माझा पराक्रम सांगते. गुरुजींच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते. त्या शुक्रवारी आमची शिक्षण परिषद होती आणि तिथे ते शिक्षण खात्याच्या साहेबांना फोल्डर दाखवणार होते. साहेबांना पटलं तर तो तालुक्यातल्या सगळ्या शाळांना मिळणार होता. "एवढा झाला की मी सुटलंय," असं मला दहादा तरी म्हणाले असतील.

सोमवारी मधल्या सुट्टीत माझा फोन भरला. फोल्डर माझ्या फोनवर दिसतो, म्हणजे ती माझी प्रत, अशी माझी अक्कल! सगळं निवडलं, पुसलं, आणि वर खुशाल मुलांना खिचडी वाढायला गेले.

तीनच्या सुमाराला आमच्या ग्रुपवर पहिला निरोप आला, "फोल्डर रिकामो दिसता." मग दुसरा, मग तिसरा. मी उघडून बघितलं. दोन वर्षांचं काम, आणि आत काही म्हणजे काही नाही. गुरुजींना फोन लावला, लागला नाही. घरी आले तर घास गिळेना. सासूबाईंनी विचारलं, "गो, कोण गेला काय?" त्यांना काय सांगणार?

सकाळी शाळेआधी स्कूटर काढली आणि त्यांच्या गावी गेले. वाटभर एकच वाक्य घोकत होते. गुरुजी अंगणात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते, डोळे लाल. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "बाईनू, माझ्याच हातान पुसला गेला. पुसलेला थोडे दिस फोल्डरच्या मालकाकडे, म्हणजे माझ्याकडे रवता. चला, परत लावया."

माझा जीव भांड्यात पडला. लाज वाटते सांगायला, पण पडला! एका वाक्याचं काम होतं. मी ते गिळलं आणि मुकाट त्यांच्या शेजारी बसले.

ते तीन दिवस शाळा सुटली की मी सड्यावर. कुठला पाठ कुठल्या इयत्तेचा, कुठला आवाज कुणाचा, सगळं त्यांना तोंडपाठ. ग्रुपवरही गुरुजींनी स्वतःचीच चूक सांगितली होती, त्यामुळे थट्टा चालली होती, "गुरुजींनू, चष्मो बदला आता!" ते हसरा चेहरा पाठवायचे. मला मात्र तो ग्रुप उघडवेना. शुक्रवारपर्यंत निम्मंच लागलं. परिषदेत साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "गुरुजी, वय झालं. ही जबाबदारी आता दुसऱ्या कुणाला तरी द्या. तालुक्याचं पुढच्या वर्षी बघू." गुरुजींनी मान हलवली. मी तिसऱ्या रांगेत माझ्याच चपलांकडे बघत होते.

निवृत्त होताना त्यांनी फोल्डरची मालकी माझ्या नावावर केली. "माझ्याच कशाला, गुरुजी?" मी विचारलं. "तुमी जपून वापरतालात," एवढंच म्हणाले. निरोपसमारंभात सांगू म्हटलं, तिथे माणसं होती. गणपतीत त्यांच्या घरी जाऊन सांगू म्हटलं. गणपती यायच्या आधीच, श्रावणातल्या एका सकाळी, गुरुजी गेले.

परवाच्या परिषदेत, वेंगुर्ल्याहून बदलून आलेल्या माझ्याच वयाच्या बाई हा फोल्डर समजून घेत होत्या. समोर पडद्यावर तो उघडलेला, मागे सगळे चहा पीत. त्यांनी कुठेतरी बोट लावलं आणि बाजूला एक यादी उघडली. कुणी काय टाकलं, कुणी काय काढलं, नावानिशी. असं काही असतं हे मला ठाऊकच नव्हतं. त्या खाली खाली जात राहिल्या आणि थांबल्या. सोमवार, मधली सुट्टी, माझं नाव, सगळं पुसलं. त्याच संध्याकाळपासून गुरुजींचं नाव, एकेक पाठ परत लावलेला, ओळीखाली ओळ.

म्हणजे ही यादी त्यांनी त्याच संध्याकाळी बघितली होती. मी अंगणात शिरले तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं.

"बाई, हे नाव तुमचंच ना?" नव्या बाईंनी हळूच विचारलं आणि यादी मिटायला हात पुढे केला.

"रवांदे," मी म्हटलं. मग मागे वळले. कप खाली ठेवत सगळे माझ्याकडे बघत होते. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं, "तो फोल्डर गुरुजींनी नाय. माझ्याच हातान पुसला गेला."