‘बुरूज’चा दुसरा भाग आणि आमचं कामतघर

लायब्ररीचं एक बरं असतं. पुस्तकं परत जमा होतात, किस्से मात्र आपल्याकडेच राहतात! नव्वद सालाच्या आसपास मी भिवंडीतल्या कामतघरला घराच्या पुढच्या खोलीत लायब्ररी चालवायचे. त्यातले निम्मे किस्से एकाच कादंबरीचे.

कॉलेजच्या वयाच्या पोरींसाठी लिहिलेली, जादू आणि प्रेम यांची ती कादंबरी. आमच्याकडे सगळ्या तिला ‘बुरूज’ म्हणायच्या. पहिल्या भागात राजपुत्र तलवार गाजवून राजकन्येचं मन जिंकतो. दुसऱ्या भागात, ऐन लग्नाच्या तोंडावर, बुरुजावरचा जादूचा दिवा मंदावतो. तो सांभाळायची विद्या शिकायला राजकन्या वर जाते, ती कित्येक वर्षं. राजपुत्र खाली बसून राहतो. मग ती उतरते आणि लग्न होतं.

मला हा भाग पहिल्यापेक्षा सरस वाटला. पण माझं ऐकतंय कोण!

*

दुसऱ्या भागाची प्रत एकच आणि घाई सगळ्यांना. शेवटी मी शिवण उसवून त्या भागाचेच दोन तुकडे केले, पुठ्ठे लावले आणि फिरवायला दिले. जवळच्याच अंजूर गावच्या मढवीकाकूंना गडबडीत उत्तरार्ध आधी गेला, पूर्वार्ध नंतर.

काकू खूश होऊन आल्या. “लय धीट बाई हाय! खाली आली, लगीन केलं, आन मांडव उभा असतानाच नवऱ्याला सोडून परत वर गेली शिकायला!”

मी त्यांना खरा क्रम समजावला. काकूंचा चेहरा उतरला.

“म्हंजे लगीन मागून? मंग त्यात कसली धीट? मना न्हाय आवडला!”

अंजूरभर त्या आपलीच गोष्ट सांगत राहिल्या. खरं सांगू? त्यांची गोष्टही झकास होती.

*

रशीदाबी म्हणजे लूमच्या, यंत्रमागाच्या, कारखानदाराची बायको, जुनं कोकणी मुसलमान घराणं. त्यांनी पुस्तक टेबलावर आपटलं. “ताई, ये क्या है? पहिल्या भागात तलवार, आणि दुसऱ्यात नुसता बसलाय! ऐसा आदमी किस काम का?”

पुढच्या आठवड्यात त्यांनी तेच पुस्तक पुन्हा नेलं. त्यानंतर आणखी एकदा.

“इतका राग येतो तर नेता कशाला?” मी विचारलं.

“अहो, नीट राग यायला नको का!”

*

त्यांच्या मियांनी मग पुस्तक स्वतः तपासायला घेतलं. घरच्या पोरींनी वाचण्याजोगं आहे की नाही, ते बघायला. शुक्रवारी कारखाना बंद असायचा, तशा एका शुक्रवारी ते पुस्तक परत करायला आले. गंभीर चेहऱ्याने म्हणाले, “किताब ठीक नाही. लग्न इतकं लांबवणं बरोबर नाही.”

मी मान डोलावली. ते पायऱ्या उतरले, थांबले, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, “तिसरा भाग कब आएगा?”

*

बाकीच्यांचं सगळं हौसेचं होतं. संगीताचं मात्र तसं नव्हतं. बुद्धविहाराजवळच्या गल्लीतली ही हुशार पोरगी. ठाण्याला नर्सिंगच्या कोर्सला तिचा नंबर लागला होता आणि आई म्हणत होती, आधी लग्न. लग्न झालं की सासरचे कसले पाठवतायत, ही तिची धास्ती. मलाही तीच होती.

दुसरा भाग वाचून ती आईला म्हणाली, “बघ, राजकन्येला कुणी म्हटलं नाही, आधी लग्न कर!”

आई भांडी घासता घासता म्हणाली, “तिला आई नसंल!”

मी तपासलं. खरंच नव्हती!

*

आणि संगीताला बघायला पाहुणे आले. मुलगा लूमचा जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. शेजारधर्म म्हणून मी चहाला मदत करत होते.

आमच्या भिवंडीत एक गंमत आहे. लूमच्या खडखडाटात बोललेलं ऐकूच येत नाही, म्हणून कारखान्यातली माणसं आवाज न काढता नुसते ओठ हलवतात आणि समोरचा ओठ वाचतो. संगीता आईबरोबर कारखान्यात सुताच्या कांड्या भरत वाढलेली. माझंही माहेर लूमवाल्यांचंच.

मुलाचे काका म्हणाले, “काय विचारायचं असंल तर विचारा एकमेकांना.” दोघांच्याही माना खाली. मोठी माणसं हुंड्याबिंड्याचं नको म्हणत आपापसांत बोलायला लागली.

तेवढ्यात संगीताने मान वर केली. तिचे ओठ हलले.

“मला नर्सिंगचा कोर्स करायचाय. लग्न त्यानंतर.”

माझ्या हातात चहाची किटली होती, ती तशीच राहिली. मुलाने तिच्याकडे नीट पाहिलं. त्याचेही ओठ हलले.

“बुरुजासारखं?”

संगीता दचकली. “वाचलंत तुम्ही?”

“दोन्ही भाग. बहिणीच्या नावावर.”

“मग... राजपुत्र कसा वाटला?”

माझा जीव नुसता टांगणीला!

“येडा. नुसता खाली बसून काय राहिला? वर डबा पोचवायचा ना रोज!”

संगीता खो खो हसत सुटली. काकांनी बशी खाली ठेवली आणि गोंधळून सगळ्यांकडे पाहिलं.

“काय झालं हसायला? अजून तर दोघांतलं कोन कायच बोललं न्हाय!”