मी हात वर केला त्याची गोष्ट

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण मधे हसलात तर चहा सांडेल, अन् कप आमच्या हिच्या माहेरचे आहेत. माझ्या हातून आयुष्यात चुका पुष्कळ झाल्या, पण भर सभेत, नऊ माणसांच्या देखत, ग्रामसेवकाला साक्षी ठेवून केलेली चूक ही एकच.

तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. सेलूपासून दोन कोसांवर आमचं गाव. घरी कापूस, थोडी तूर. आणि मी नुकताच ग्रामपंचायतीत निवडून आलेलो, सगळ्यांत लहान सदस्य. त्या काळी चार-पाच गावं मिळून एक न्यायपंचायत असायची. बांधावरची भांडणं, गुरांनी पीक खाल्लं, शिवीगाळ झाली, असल्या केसेस तिथे चालायच्या. प्रत्येक गावाच्या पंचायतीनं आपला एक माणूस तिथे पंच म्हणून पाठवायचा. आमच्या गावचा म्हातारा पंच वारला, जागा खाली झाली, अन् सरपंचांनी नाव पुढे केलं गुलाबरावांचं.

गुलाबराव पंचायतीचेच सदस्य. माणूस गोड बोलणारा. पण त्यांच्या साळ्याची गुरं! चैत्र लागला की रानात उभं पीक नसतं, सगळ्यांचीच गुरं मोकळी फिरतात, हे खरं. पण साळ्याची गुरं मोकळी फिरत नसत, ती पत्ता विचारल्यासारखी सरळ जनाबाईच्या वांग्यात जात. जनाबाई एकटी बाई, अर्ध्या एकरात भाजी लावून सेलूच्या बाजारात विकणारी. बोराटीचं कुंपण घालून घालून तिचे हात ओरबाडले होते. तीनदा वाफे साफ झाल्यावर तिनं न्यायपंचायतीत अर्ज टाकला. आता त्याच न्यायपंचायतीत गुलाबराव पंच म्हणून बसणार. मग तिच्या अर्जाचं काय होणार, हे सांगायला ज्योतिषी पाहिजे का?

मी पेटलो. त्याच दिवसांत मोठ्या कोर्टात कोणाला बसवावं यावरून दिल्लीत वादळ उठलं होतं, मी रेडिओला कान लावून ऐकायचो. मला वाटलं, दिल्लीचं दिल्ली पाहील, आपल्या गावचा न्याय वाचवणं आपल्या हातात आहे. आपल्या हातात! हा शब्द मी तेव्हा किती सहज वापरला होता, पाहा.

हिशोब सरळ होता. आम्ही नऊ सदस्य. सरपंच, गुलाबराव अन् त्यांची दोन माणसं, हे झाले चार. मी, माझा दोस्त वासुदेव अन् रामभाऊ, आम्ही तीन. राहिले दोन मधले. नारायणदादा अन् सरूकाकू. दोघेही आमच्या बाजूला आले तरच गुलाबराव पडणार.

आता हे मधले लोक! अहो, विरोधकाशी भांडता येतं. मधल्याशी काय करायचं? मी नारायणदादांच्या मळ्यावर गेलो. दादा मेथीच्या जुड्या बांधत बसले होते.

"दादा, गुलाबराव पंच व्हायच्या लायकीचा आहे का, सांगा."

"गुलाबराव मानूस वाईट नाई."

"म्हणजे चांगला आहे?"

"तसंई नाई म्हनत मी."

"मग म्हणता काय तुम्ही?"

दादांनी एक जुडी बांधली, दुसरी बांधली, तिसरी सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाले, "इचार करून राह्यलो ना बाप्पा!"

सात दिवस मी त्या मळ्यावर जात होतो. मेथी संपली, सांभार, तुमची कोथिंबीर हो, निघाला, दादांचा इचार काही निघेना.

सरूकाकूंकडे तर त्याहून बिकट. गावातल्या निम्म्या बाळंतपणांना काकू हजर असलेल्या. "गुलाबरावची बायको माह्या हातानं बाळंत झाली," त्या म्हणाल्या, "अन् जनाबाईबी माह्याच हातानं."

"मग काकू?"

"मंग काय, चहा घे."

मी घरी येऊन डोकं धरून बसायचो. यांना पाठीचा कणा आहे की नाही? एवढी साधी गोष्ट, हो म्हणा की नाही म्हणा! मी वासुदेवाला म्हणायचो, "अरे, या मधल्या लोकांनीच देश बुडवला." वासुदेव म्हणायचा, "मले देशाचं नाई मालूम, पन तुह्या मांगं बैल उभा हाये, सरक." तर असा मी चालताना रस्ता सोडून भलतीकडेच पोचणारा. स्वप्नं पाहायची सवय मला लहानपणापासून. औताला बैल जुंपले की माझं मन बोर नदीच्या काठाकाठानं जे निघायचं, ते बैल धुरा ओलांडून शेजाऱ्याच्या वावरात गेल्यावरच परत यायचं.

शेवटी सभेच्या आदल्या दिवशी चमत्कार झाला. काकूंनीच मला बोलावून घेतलं. नारायणदादाही ओट्यावर बसलेले. काकू म्हणाल्या, "आमी दोघं जनाबाईच्या वावरात जाऊन आलो. साळ्याकडंई गेलतो. दोघायचंई आयकलं. गुलाबरावले पंच करनं बराबर नाई."

मला इतका आनंद झाला की काकूंच्या पाया पडायच्या घाईत मी दादांच्या पाया पडलो.

"पन एक अडचन हाये," काकू म्हणाल्या. "तो गिरामसेवक पुस्तकातलं बोलते. मले कायी समजत नाई. हात कवा वर कराचा, कवा नाई?"

"मलेबी नाई समजत," दादा म्हणाले.

मी छाती पुढे काढून सांगितलं, "काकू, तुम्ही त्याच्याकडं पाहूच नका. फक्त माझ्या हाताकडं पाहजा. माझा वर, तं तुमचा वर. माझा खाली, तं तुमचा खाली."

अहो, याच्याहून पक्की योजना कोणी केली असेल?

सभा भर दुपारी. पंचायतीची एक खोली, वर कवेलूंचं छप्पर, बाहेर कडुनिंब. दारात जनाबाई उभी, डोक्यावर पदर, ओरबाडलेले हात पदरात लपवलेले. आदल्या रात्री आनंदानं माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. ग्रामसेवक वाचायला लागले. पहिला ठराव विहिरीच्या गाळाचा. दुसरा शाळेच्या कौलांचा. आवाज त्यांचा एकसुरी, दूरच्या रहाटासारखा. खिडकीतून वारा यायचा, त्यात कडुनिंबाच्या मोहोराचा तो कडवट गोड वास. मोहोर आत येऊन टेबलावर, कागदांवर, सरपंचांच्या टोपीवर पडत होता. दूर कुठेतरी कोणाचा तरी पंप टुकटुक करत होता.

मी झोपलो नव्हतो, बरं का. डोळे माझे उघडेच होते. फक्त खोली हळूहळू मोठी झाली.

कवेलू वर वर गेले, त्यांचं आभाळ झालं. मी नागपूरच्या विधानसभेत उभा होतो अन् बोलत होतो. काय बोलत होतो ते ऐकू येत नव्हतं, पण सगळे माना डोलवत होते. मग तिथून मी कोर्टात गेलो, तिथेही माना डोलल्या. मग एक उघडी जीप आली. जीप आमच्या गावच्या पांदणीनं चालली होती, पण पांदण इतकी गुळगुळीत की चाकं जमिनीला टेकतच नव्हती. दोन्ही बाजूंना वांग्याची झाडं, माझ्या डोक्याएवढी उंच, अन् जांभळी वांगी दिव्यांसारखी पेटलेली. झाडांमागून माणसं माझं नाव घेत होती. गुरं बांधलेली होती, सगळ्या जिल्ह्यातली गुरं, शहाण्यासारखी रवंथ करत. जनाबाई हार घेऊन उभी. कोणीतरी ओरडलं, "साहेब, हात वर करा! हात वर करा!"

मी हसून, मान जराशी कलती करून, हात वर केला.

"चार... पाच... सहा... सात," ग्रामसेवक म्हणत होते.

जीप गेली. वांगी गेली. मी खुर्चीत बसलो होतो अन् माझा उजवा हात हवेत होता. माझ्या डावीकडे सरूकाकूंचा हात. त्यांच्या पलीकडे नारायणदादांचा. दोघं इमानदारीनं माझ्या हाताकडे पाहत होते. वासुदेव माझ्याकडे असं पाहत होता, जसा मी मरून परत आलोय. रामभाऊंनी कपाळ धरलं होतं.

"गुलाबरावांच्या नावास अनुकूल सात," ग्रामसेवक म्हणाले. "प्रतिकूल दोन."

गुलाबराव उठले. डोळ्यांत पाणी. मला मिठीच मारली. "मनोहर, मी तुले समजलोच नवतो रे! तू तं लहान भावाहून जवळचा निंगाला!"

त्यांच्या खांद्यावरून मला दार दिसत होतं. जनाबाईनं पदर नीट केला अन् ती जायला वळली.

आता खरी लाजेची गोष्ट सांगतो. तेव्हा मी ओरडायला पाहिजे होतं की नाही? 'थांबा, चूक झाली!' एवढे तीन शब्द. पण ते म्हणायचे तर सभेत स्वप्न पाहत होतो हे सांगावं लागणार! पंधरा दिवस दुसऱ्यांचा पाठीचा कणा शोधत फिरलेला मी, माझा कुठे गेला? मी गप्प. पंधरा दिवसांत पहिल्यांदा गप्प.

"थांबा जी, गिरामसेवक साहेब." हा आवाज सरूकाकूंचा. "मले एक इचाराचं हाये. हात कायच्यासाठी वर केला आपन?"

"गुलाबरावांच्या नावाला मान्यता देण्यासाठी, बाई."

"मान्यता म्हंजे होय का नाई?"

"हो."

"मंग हे चुकलं. आमाले नाई म्हनाचं होतं."

सरपंच टेबलावर हात आपटून म्हणाले, "मतदान झालं! आता कायी नाई!"

नारायणदादा शांतपणे खाकरले. "झालं असंन सरपंच. पन मले समजलं नाई. ज्याले समजलंच नाई त्याचं मत कसं झालं? साहेबानं अजून पुस्तकात लिवलं नाई. एकडाव पुन्हा वाचा. घाई कायची हाये?"

हीच ती दादांची चाल! 'घाई कायची हाये!' या तीन शब्दांनी माझं रक्त उकळायचं. त्या दिवशी वाटलं, दादांनी ते दिवसभर म्हणत राहावं. सरपंच तापत गेले, दादा मेथीच्या जुड्या बांधल्यासारखे एकेक वाक्य बांधत गेले. ग्रामसेवक नियमाचा माणूस. त्यांनी टाक खाली ठेवला अन् म्हणाले, "सदस्यांना विषय समजला नसेल तर पुन्हा मत घ्यावं लागेल."

काकू माझ्याकडे वळल्या. "पन मनोहर, तू हात काऊन वर केला रे?"

सगळी खोली माझ्याकडे पाहायला लागली. दारात जनाबाईही थांबली. खोटं बोलायला खूप सुचत होतं, पण त्या बाईकडे पाहून जीभ उचलेना.

"काकू," मी म्हणालो, "मी जीपमधे होतो."

"कोनत्या जीपमंदी?"

"...सपनातल्या."

मग जी खोली हसली! ग्रामसेवक हसले, सरपंच हसले, गुलाबराव मला मारलेली मिठी आठवून हसू की रडू अशा चेहऱ्यानं बसले. जनाबाईसुद्धा पदराआड हसली. ते हसू पाहून माझा जीव थोडा ठिकाणावर आला.

पुन्हा वाचन झालं, साध्या भाषेत. "गुलाबराव पाहिजेत, त्यांनी हात वर करा." वासुदेवानं माझी दोन्ही मनगटं मांडीवर घट्ट दाबून धरली होती. अनुकूल चार, प्रतिकूल पाच. गुलाबराव पडले.

मग पंच म्हणून कोणाला पाठवलं? सरूकाकूंना! त्यांच्या नावाला सरपंचांच्याही माणसांनी हात वर केले, कारण त्यांच्याही घरची लेकरं काकूंच्याच हातानं जन्मलेली. जनाबाईची केस काकूंसमोर चालली. दोघांना समोरासमोर बसवलं, दोघांना चहा पाजला अन् साळ्याला पुढच्या आठवड्यात गोठ्याला फाटक लावायला लावलं. त्या उन्हाळ्यात जनाबाईची वांगी सेलूच्या बाजारात पोचली.

तुम्ही म्हणाल, तुम्ही एवढी धावपळ केली, पंच म्हणून तुमचं नाव कोणी सुचवलं नाही का?

सुचवलं ना! काकूंच्या आधी माझंच नाव आलं होतं. वासुदेवानं सुचवलं, दोस्तीखातर. मी टोपी सरळ केली, चेहरा गंभीर केला. सरपंच काही बोलायच्या आत, इचार न करता, एक क्षण न थांबता, नारायणदादा ताडकन उभे राहिले. "नाई! याले नाई!" काकू म्हणाल्या, "बिलकूल नाई!" पंधरा दिवस मी ज्यांना ठाम मत द्या म्हणून विनवत होतो, त्यांचं ते पहिलं ठाम मत.

ग्रामसेवकांनी विचारलं, "मनोहररावांच्या नावाला विरोध असणाऱ्यांनी हात वर करा."

आठ हात वर झाले. एकट्या वासुदेवाचा खाली होता. आठवा हात कोणाचा, ते ओळखलंच असेल तुम्ही.

अन् शपथेवर सांगतो, या वेळी मी पुरता जागा होतो.