पुसलेल्या किनारी

तापलेल्या मॉनिटरवरच्या धुळीचा वास आला की मला भिवंडीतल्या लूमच्या कारखान्यावरचं ते ऑफिस आठवतं, जिथे मी कॉम्प्युटरवर साड्यांच्या किनारी काढायचे. एका सकाळी मी कॉम्प्युटर ज्यावर चालायचा त्या लिनक्सची नवी आवृत्ती टाकली आणि मशीन सुरू होऊनही स्क्रीन काळीच राहिली. "डिझाइनं आत सुखरूप आहेत, फक्त स्क्रीनची सेटिंग बिघडलीय," मी कारखान्याच्या शेठना म्हटलं. "तुला न्हाय जमायचा गो," म्हणत त्यांनी ठाण्याहून कॉम्प्युटरवाल्या जावयाला बोलावलं. खालच्या लूमच्या खडखडाटाने टेबल थरथरत होतं, कीबोर्डवर सुताची तुसं बसत होती, तरी मी काळ्या स्क्रीनवर नुसती अक्षरं आणली आणि एकेक ओळ बदलत सेटिंग दुरुस्त केली. माझी मोरांची किनार स्क्रीनवर उजळली आणि तेवढ्यात जावई आले. "चालू झालंय," मी म्हटलं. "हे लिनक्स-बिनक्स नकोच," म्हणून त्यांनी मला खुर्चीवरून उठवलं. "निदान डिझाइनं सीडीवर उतरवू द्या," असं मी म्हणेपर्यंत त्यांनी दुसरी सिस्टीम टाकायला सगळी डिस्क पुसली. शेठ हसले. "परत काढ ना, तुला दुसरा काम काय हाय?" मी सगळ्या किनारी परत काढल्या. त्या दिवसानंतर मात्र मी कुठल्याच किनारीत जीव ओतला नाही, आणि आजवर कुणालाही त्यात फरक दिसलेला नाही.