बाराच्या उन्हात दमलेला पंप

आमच्या अकोल्याकडचं ऊन म्हणजे आमची इस्टेट. पेपरात उन्हाचा आकडा आला का लोकं असे फुगतात, जसं यायनंच सकाळी उठून तापवलं. म्हणून परतवाड्याचा सोलरवाला चाचा ट्रॉली घेऊन आत्याच्या मळ्यात आला अन् म्हणाला, "बाई, धूप फुकट, पानी फुकट," तवा कोणालेच शंका आली नाही. मी तर त्याच्या मागं उभा राहून त्याचीच नक्कल करून राहिलो होतो.

झालं असं का आत्याच्या शिवारातली विजेची डीपी जळाली. हिवरखेडकडचं वावर, त्यात मे महिना. नवी डीपी कवा येईन विचारलं का वायरमन आभाळाकडं पाहे, जशी ती तिकडूनच पडणार होती. अन् आत्याचा पानमळा विड्याच्या पानाचा. हा वेल म्हणजे लाडावलेलं पोरगं. सावली पाहिजे, बुडाशी ओल पाहिजे, जरा दुर्लक्ष झालं का मान टाकते. त्या सालांत आजूबाजूच्या लोकायनं एकेक करून आपापले मळे मोडले होते. आत्याचा तेवढा राहिला होता, अन् त्याच्याबी शेवटच्या ओळी सुकून राहिल्या होत्या.

"या ओळी गेल्या का मी बी सारं उपटून टाकन," आत्या म्हणे, "अन् घरी बसून तुह्या नकला पाहीन."

चाचा वेल्डिंगवाला. त्यानं एका जुन्या ट्रॉलीवर सोलरच्या पाट्या बसवल्या होत्या, संगं पंप. ज्याची लाईन गेली त्याच्या विहिरीवर ट्रॉली जाये. पाट्यायच्या खालून त्यानं चकचकीत टिन ठोकलं होतं, अन् त्या टिनावर त्याच्या बायकोनं गुलाबाचं फूल रंगवलं होतं.

आता फुकट म्हणता म्हणता काय काय लागलं ते आयका. ट्रॉली ओढायले ट्रॅक्टर, ट्रॅक्टरले डिझल. ट्रॉलीले पाहिजे ऊन अन् मळा सारा सावलीत, म्हणून विहिरीजवळच्या हादग्याच्या फांद्या तोडा लागल्या. आत्यानं अशा तोडू देल्या जशी स्वतःची बोटं देऊन राहिली. काळ्या मातीची धूळ बसे, म्हणून रोज सकाळी पाट्या धुवायले पाणी. पाणी काढायले आधी पाणी घाला! अन् ट्रॉलीचं तोंड उन्हाकडं फिरवत राहायले एक बिनकामाचा माणूस. तो म्हणजे मी.

सकाळी पंप मस्त चाले. दुपार झाली का पाण्याचा जोर जाये, अन् शेवटच्या ओळीच्या अलीकडंच पाणी जिरे. आत्या तिकडं टोकाले उभी राहून वाट पाहे. पाणी पोचलं का "आलं रे!" म्हणून आरोळी मारायची ठरली होती. ती काही ऐकू येईना, म्हणून मीच तिच्या आवाजात मारली. चाचा खुशीत पळत गेला अन् शिव्या खाऊन वापस आला. दुसऱ्यांदाबी गेला.

"पोट्ट्या, इथं माहा मळा चालला अन् तुले खेळ सुचते?" आत्यानं मले झापलं.

पण नकला करणाऱ्याचे कान बसून राहत नाहीत. मले पंपाचा आवाज खटकून राहिला होता.

"चाचा, सकाळी हा असा गाते," मी तोंडानं काढून दाखवला, "अन् बारा वाजले का असा कण्हते. काहून?"

"अबे, तू तो कुछ बी निकालता मूं से. बारा बजे तो सबसे जादा चलता. बच्चा बी जानता ये."

मी त्याले पंपाजवळ बसवलं. इकडं पंपाचा खरा आवाज, तिकडं माह्या तोंडातून सकाळचा. दोन्ही संगंच ऐकले अन् चाचाचा चेहरा उतरला.

"ये तो सच्ची में बैठ गया बे."

तेवढ्यात आत्या ओलं बारदान घेऊन आली. आमच्याकडं मे महिन्यात माठ असो का भाजीची पाटी, सगळ्याचा इलाज ओलं बारदान. "तापलं असन बिचारं," म्हणत तिनं ते पाट्यायवर पसरलं. पंप फुस्स करून बंद पडला.

"बाई! वो उसका मूं है! मूं पे कंबल डाल दिया तुमने!"

"मंग सांगा लागे ना भाऊ, तोंड कुठं हाय. तुमी तं बुडाले फूल काढलं!"

फूल म्हणता म्हणता तिनं त्या टिनाले हात लावला अन् झटक्यात मागं घेतला. "आई गं! हा तं तवा हाय. वरून नाही, हे खालून गुदमरून राहिलं."

मी पाट्या अन् टिनामधल्या फटीत बोट घातलं. आत सारी वाफच. तवा मले वाटलं, याले उजेड पाहिजे असन, ताप नाही. आमी आपले दोन्ही एकच समजून बसलो होतो.

"टिन काढा, चाचा."

"अन् घर में क्या बोलूं? फूल किधर गया?"

"सांगजा, पानमळ्यात लावलं," आत्या म्हणाली. "माहे वेल जगले तं मी सोता येऊन सांगन वहिनीले."

चाचानं एकेक नट असा खोलला, जसा दागिना उतरवून राहिला. टिन निघालं, खालून वारा खेळला. तेच बारदान आत्यानं खालून, वाऱ्याच्या अंगानं टांगलं. मंग माह्यापाशी येऊन माह्या तोंडात एक अख्खं पान कोंबलं. "चाव. अन् आता तोंड बंद." अन् गेली टोकाले.

पंपाचा आवाज चढला. सकाळइतका नाही, पण कण्हणं गेलं.

आमी दोघं उभे. बऱ्याच वेळानं वेलांच्या पल्याडून आवाज आला, "आलं रे!"

चाचा माह्यावर खेकसला, "अबे बस कर! अब नई जाऊंगा मैं!"

मी आ करून दाखवला. तोंडभर पान, हिरवा रस हनुवटीवर. तवाच तिकडून पुन्हा आलं, "आलं रे भाऊ, आलं!"

चाचानं माह्या तोंडाकडं पाह्यलं, मंग तिकडं. अन् चपला तिथंच टाकून पाण्याच्या ओल्या दांडातून पळत सुटला.